इंजिनाचा आडोसा

आमच्या घरात सगळ्यांत जास्त वेळा उच्चारला जाणारा शब्द ‘हळू’ हा होता. हळू चाल, हळू बोल, दार हळू लाव, नळ हळू सोड. योकोहामाच्या एका टेकडीच्या उतारावर आमचं दुमजली लाकडी आपाटो, म्हणजे भाड्याच्या खोल्यांची छोटी इमारत, होतं. वरच्या मजल्यावर आम्ही चौघं आणि आमच्या बरोबर खाली एक एकटे आजोबा. भिंती इतक्या पातळ की शेजारी कोणी शिंकलं तर आपण रुमाल शोधावा. खालचे आजोबा कधी भांडायला वर आले नाहीत. आवाज झाला की ते झाडूच्या दांड्याने छताला दोनदा ठोकायचे, तेही हलक्या हाताने, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले की नेहमीपेक्षा जास्त वाकून माफी मागायचे. आई शरमेने अर्धी व्हायची. “त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या म्हाताऱ्याने तर बरं वाटलं असतं,” असं ती म्हणायची, पण तेही हळूच.

कुकरची शिट्टी म्हणजे आमच्याकडे गुन्हाच होता. आत वाफ कोंडून शिट्टी थरथरायला लागली की आई धावत जाऊन गॅस बंद करायची, थोडं थांबायची, पुन्हा पेटवायची. त्यामुळे आमचं वरण कायम जरा कच्चं असायचं, दाताखाली डाळ यायची, आणि आम्हां मुलांना तीच वरणाची खरी चव वाटायची. मिक्सर चालायचा तो न्हाणीघरात, दार लावून, चौघडी गोधडीवर ठेवून, वरून दुसरी गोधडी घालून. सुक्या खोबऱ्याचं वाटण करायचं असलं की मला हाक यायची, “मंदार, दाबायला ये.” मी गोधडीला मिठी मारून बसायचो आणि ते यंत्र माझ्या छातीखाली पकडलेल्या मांजरासारखं गुरगुरायचं. मोहरी तडतडण्याआधीच कढईवर झाकण पडायचं. मला आठवतं तेव्हापासून आवाज हा आमचा शत्रू होता. हे सांगतोय ते एवढ्याचसाठी, की पुढे मी जे केलं ते शहाणपणाचं समजून केलं, हे कळावं. तो माझा बचाव नाही. बचाव करण्याचं वय गेलं.

बाबा मुंबईच्या एका व्यापारी कंपनीतर्फे इथे आले होते, दोन वर्षांसाठी. आई ठाण्याला एका शाळेत शिकवायची. ती बिनपगारी रजा टाकून आम्हांला घेऊन मागोमाग आली. दोनाची चार झाली, मग कंपनीने इथलं कार्यालयच बंद केलं. बाकीची कुटुंबं सामान बांधून परतली. बाबा राहिले. त्यांनी तांदूळ, डाळी, मसाले आणि कणीक मागवून भारतीय हॉटेलांना आणि आपल्या लोकांच्या घरी पोचवायचा व्यवसाय सुरू केला, आणि त्यासाठी एक जुना पांढरा डिझेल पिकअप ट्रक घेतला. पुढे दोन सीट, मागे आम्हां मुलांसाठी एक बाक, आणि त्याच्या मागे ताडपत्रीखाली पोती. इंजिन सुरू झालं की खलबत्त्यात कोणी लोखंड कुटतंय असं वाटायचं. दारं खडखडायची, छप्पर घुमायचं, पायाखालचा पत्रा इतका थरथरायचा की तळव्यांना मुंग्या यायच्या.

रविवारी आम्ही सगळे ट्रकमधून निघायचो. आई दशम्या आणि लसणाची चटणी करून घ्यायची, थर्मासमध्ये चहा. घरोघरच्या बायका आईच्या ओळखीच्या, त्या बाबांशी मोकळेपणाने बोलायच्या नाहीत, म्हणून ती हवीच असायची. ट्रक उतार उतरून मोठ्या रस्त्याला लागला रे लागला की आईबाबांचं बोलणं सुरू व्हायचं. बोलणं म्हणजे आरडाओरडाच. आईचे हात हवेत जायचे, बाबांची मान लाल व्हायची, मध्येच आई खिडकीकडे तोंड करून बसायची आणि पुन्हा वळून काहीतरी ओरडायची. मागे माझ्यापर्यंत त्यातलं काही पोचायचं नाही. एखादाच सुटा शब्द यायचा, ‘शाळा’, ‘तुमचं’, ‘किती वर्षं’. माझ्याहून सात वर्षांनी लहान असलेली ऋता माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची. मला वाटायचं, इंजिन ओरडतं म्हणून ते ओरडतात. घरी आल्यावर आई कपाळाला बाम चोळून तातामीच्या चटईवर आडवी व्हायची आणि मी मनात म्हणायचो, त्या आवाजानेच हिचं डोकं उठतं.

आता मी तोक्योच्या तोयोसू भागात एका उंच इमारतीत राहतो. खिडक्यांना दुहेरी काचा आहेत, आणि खालच्या कालव्यातून बोट गेली तर दिसते, ऐकू येत नाही. माझा मुलगा जेवणाच्या टेबलावर माझ्या मराठी प्रश्नांना जपानीत उत्तरं देतो. या शांततेत बसून मी विचार करतो, तेव्हा मला सतरा वर्षांच्या त्या मुलाचा राग येतो. चार वर्षं तो मागच्या बाकावर बसून आईबापांचे ओठ बघत होता. त्याला ओठ वाचता आले नाहीत हे समजू शकतो. आईचा चेहरासुद्धा वाचता येऊ नये?

हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी मी शाळा सुटल्यावर मोटारी मोडीत काढणाऱ्या एका अंगणात बाईतो, म्हणजे फावल्या वेळची नोकरी, करायचो. तिथे मला कळलं की महाग गाडी स्वस्त गाडीपेक्षा शांत का असते. पत्र्याच्या आतल्या बाजूला ब्यूटिल रबराचे जाड चिकट पट्टे मारलेले असतात, त्यावर फेल्ट, त्यावर गालिचा. बोटाने टकटक केलं तर साधा पत्रा ‘टण्ण’ वाजतो आणि पट्टा मारलेला ‘ठप्’. तो ‘ठप्’ मला फार आवडला. मोडीत निघालेल्या गाड्यांमधला चांगला फेल्ट मी मालकाला विचारून बाजूला काढायला लागलो, रबराचे पट्टे विकत आणले, आणि नववर्षाच्या सुट्टीत हॉटेलं बंद असताना ट्रक माझ्या ताब्यात मागितला.

“अरे, पण चालू होईल ना तो परत?” बाबांनी विचारलं.

“इंजिनाला हात नाही लावणार, बाबा. फक्त आतून.”

“आतून काय करणार? रंग?”

“आवाज काढून टाकणार.”

आई चहा गाळत होती. ती म्हणाली, “आवाज काढून टाकायचा म्हणजे काय, दात आहे का तो?” आम्ही सगळे हसलो. हळूच.

मी सीटा काढल्या, गालिचा काढला, दारांची आतली प्लॅस्टिकं काढली, छताचं अस्तर उतरवलं. उघडा पडलेला तो पत्रा पाहून मला वाईट वाटलं होतं, एखाद्या म्हाताऱ्याचा सदरा काढल्यासारखं. पुसून, तेलकटपणा घालवून मी पट्टे चिकटवायला बसलो, पण थंडीने रबर लाकडासारखं कडक झालेलं. तेव्हा आईनेच युक्ती सांगितली. आमच्याकडे कोतात्सू होता, खाली शेगडी असलेलं आणि वरून रजई घातलेलं बैठं टेबल. त्याखाली पट्टे पसरले की अर्ध्या तासात पोळीच्या कणकेसारखे मऊ व्हायचे. घरभर रबराचा वास. आई आणि ऋता त्याच रजईखाली पाय घालून संत्री सोलत बसायच्या, आणि पट्टा तयार झाला की ऋता तो छातीशी धरून पार्किंगपर्यंत पळत यायची. पट्टे दाबून बसवायला छोटा रूळ लागतो. तो माझ्याकडे नव्हता. आईने तिचं जुनं लाटणं दिलं. एका दुपारी ती स्वतः खाली आली, ट्रकमध्ये वाकून बघत म्हणाली, “कडा जाड राहतायत तुझ्या. सरक, मी दाखवते.” आणि माझ्या आईने त्या ट्रकचा तळ स्वतःच्या हाताने, कोपऱ्यांपर्यंत एकसारखा लाटून दिला. काय करतोय हे मला ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं.

सगळ्यांत किचकट काम इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याचं. डॅशबोर्डखाली उताणं झोपून, मान मोडून, वायरी आणि नळ्या जिथून आत येतात ती एकेक फट मी बुजवली. दारांच्या कडेचं जुनं रबर उपटून नवं बसवलं. सीटा परत लावल्या. चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, पण जणू शेजारच्या गल्लीत. मला इतका आनंद झाला की मी एकटाच आत बसून मोठ्याने “आई!” अशी हाक मारून पाहिली. बाहेर उभी असलेली ऋता काचेपलीकडून हाताने विचारत होती, काय?

पहिल्या रविवारी ट्रक उतार उतरून मोठ्या रस्त्याला लागला आणि आई सवयीप्रमाणे ओरडली, “अहो, त्या कावासाकीच्या बाईंकडे आधी जाऊ या, त्या दुपारी बाहेर जाणारेत!” ते ओरडणं इतकं मोठं वाटलं की बाबांनी दचकून ब्रेक दाबला. मग सगळेच हसलो. बाबा अगदी कुजबुजत्या आवाजात म्हणाले, “मागच्या मंडळींना ऐकू येतंय का?”

“झेम्बु!” ऋता ओरडली. सगळं.

आई मागे वळली. तिने ऋताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “सगळं ऐकू येतं?”

“सगळं,” मी म्हणालो. माझी छाती फुगली होती. “तू श्वास घेतलास तरी कळेल.”

तिने मान हलवली आणि पुढे वळून बसली. थर्मास उघडल्याचा आवाज आला, चहा ओतल्याचा आला, बाबांनी घोट गिळला तोही आला. त्या दिवशी कावासाकीपर्यंत ती दोघं हवेबद्दल बोलली. परतताना तेही नाही.

मग रविवारच तसे झाले. आई खिडकीबाहेर बघायची, बाबा रस्त्याकडे. मला वाटलं, बघा, आता भांडण नाही. घरात आधीही बोलणं नव्हतंच, खाली आजोबा होते. ट्रक ही एकच जागा होती जिथे माझ्या आईला तोंड उघडता यायचं, आणि इंजिन हाच तिचा आडोसा होता. आपल्या मुलांसमोर भांडायचं नाही, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ द्यायचं नाही, हे आपल्या माणसांच्या हाडात असतं. त्या दोघांनी आठवडाभर साठवायचं आणि रविवारी त्या खडखडाटात रितं करायचं, अशी सोय लावून घेतली होती. ते भांडायचे म्हणजे अजून एकमेकांशी बोलत होते. मी लाटण्याने दाबून ती जागा बुजवली.

आईने एकदा मला सांगायचा प्रयत्न केला. मी बुटांच्या नाड्या बांधत होतो. ती मागे उभी राहून म्हणाली, “मंदार, ते तू लावलेलं आहे ना, ते थोडं काढता येईल का रे? सगळं नको. थोडंसं.”

“का?”

“काही नाही. फारच शांत वाटतं. कानात दडे बसल्यासारखं.”

“किती मेहनत केलीय मी, आई!” माझा आवाज चढला असावा, कारण तिने जमिनीकडे पाहिलं. “तुझं डोकं दुखायचं म्हणून केलं ना?”

“नको नको, राहू दे. छान झालंय. मी आपलं उगीच.”

मी तीन दिवस फुरंगटून होतो. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. लोक म्हणतात, मुलांना काय कळतं. मला कळायला हवं होतं. अठरा पूर्ण व्हायला आले होते, आणि दवाखान्यात, वॉर्ड ऑफिसात, ऋताच्या शाळेत, सगळीकडे आईची जीभ मीच होतो. डॉक्टरला तिचं पोटातलं दुखणं जपानीत सांगणारा मुलगा, तिने मराठीत सांगितलेलं त्याला समजलं नाही.

फेब्रुवारीत एका रविवारी तोक्योहून परतताना आम्ही वाहनांच्या रांगेत अडकलो. ऋता माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. माझ्या कानात वॉकमन होता, पण बॅटरी संपलेली. डोळे मिटून मी नुसता बसलो होतो. मग आई अगदी शांतपणे म्हणाली, “मी मार्चमध्ये जाते. ऋताचं शाळेचं वर्ष संपलं की.”

बाबांनी विचारलं, “किती दिवस?”

“दिवस नाही.”

ट्रक जरासा पुढे सरकून पुन्हा थांबला. “ठाण्याच्या शाळेने आता शेवटचं कळवलंय,” आई म्हणाली. “जूनला रुजू झाले नाही तर जागा गेली. आणि मला इथे आणखी एक वर्ष मुकं राहता येणार नाही.”

“तुला मी कधी अडवलं? बोल की.”

“कुठे बोलू?” आई म्हणाली.

बाबांनी स्टिअरिंगवरचा हात बदलला. मग म्हणाले, “आणि मंदार?”

“त्याला विचारा.”

“तू विचार. तू आई आहेस.”

“मी विचारलं तर तो माझ्यासाठी येईल. मनातून रडत येईल. मला तसं नकोय. तुम्ही विचारा, म्हणजे त्याला नाही म्हणता येईल.”

माझा मोटार दुरुस्तीच्या कॉलेजातला प्रवेश ठरला होता. माझे मित्र इथे होते, माझी भाषा इथली झाली होती. आणि तरीही, त्या क्षणी मनात पहिला शब्द आला तो ‘येतो’ असाच होता. मला नीट आठवतंय.

“मंदार?” बाबांनी हाक मारली. मागे न वळता, इतक्या हलक्या आवाजात की जुन्या ट्रकमध्ये ती त्यांची त्यांनाही ऐकू आली नसती. “झोपलास का रे?”

मी डोळे उघडले नाहीत. श्वास संथ ठेवला. ऋताच्या केसांवर ठेवलेला माझा हात हलू दिला नाही. आई मागे वळल्याचं मला सीटच्या कुरकुरण्यावरून कळलं. बराच वेळ ती तशीच होती. मग म्हणाली, “झोपलाय. राहू द्या त्याला.”

त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही. आठवड्याभराने बाबांनी मला आईचा बेत सांगितला, “तुझं कॉलेज आहेच, तू इथेच थांबशील,” असं जोडून, प्रश्नचिन्ह न लावता. मी बरं म्हणालो. ऋता मात्र हमसून रडली, आणि जपानीत रडली. तिला न विचारताच नेणार होते.

विमानतळावर जायचं होतं त्या दिवशी मागच्या हौद्यात पोत्यांच्या जागी बॅगा होत्या. रस्ताभर आम्ही चौघं त्या माझ्या शांततेत बसून होतो. ऋता नाक ओढत होती. आई पर्समधले पासपोर्ट काढून पाहत होती आणि परत ठेवत होती, चेन उघडत होती, लावत होती. तपासणीच्या दाराशी तिने मला जवळ घेतलं. माझा कोट नीट केला. मग म्हणाली, “झोपताना पाणी जवळ ठेवत जा. तोंड उघडं टाकून झोपतोस तू, घसा कोरडा पडतो. लहानपणापासून तसाच झोपतोस.” आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली.

त्या रविवारी माझं तोंड घट्ट मिटलेलं होतं. तिला तेव्हाच कळलं होतं. कळूनही तिने मला झोपू दिलं.

आई वारली त्याला आता चौथं वर्ष. मधल्या सगळ्या वर्षांत ती ठाण्याला आणि बाबा इथे, असाच त्यांचा संसार झाला. बाबा वर्षातून एकदा जायचे आणि पाहुण्यासारखे बॅग सोफ्यामागे ठेवायचे. फोनवर तिने मला कधी टोमणा मारला नाही. जेवलास का, पाऊस आहे का, बरं ठेवते. मी अनेकदा ठरवलं की आता विचारू, मी ‘येतो’ म्हणालो असतो तर तू मला नेलं असतंस का? नाही विचारलं. आणि जुन्या डिझेल गाड्यांना आमच्या भागात बंदी आली तेव्हा तो ट्रकही मोडीत गेला. माझ्याच हाताने मी त्याची दारं उतरवली. पट्टे इतके घट्ट बसले होते की पत्रा फाटला, पण ते सुटले नाहीत.

पण मला लिहायचं होतं ते त्या दिवशी विमानतळावरून परतण्याबद्दल. मी पुढे बसलो, आईच्या जागेवर. ती ठेंगणी होती, सीट पुढे ओढलेली होती, आणि माझे गुडघे डॅशबोर्डला लागत होते. मी सीट मागे सरकवली नाही. हायवेला लागल्यावर बाबांनी विचारलं, “भूक लागलीय?” मी नाही म्हणालो. मग बराच वेळ फक्त चाकांची सूक्ष्म गुणगुण. मध्येच एक बारीक आवाज यायला लागला, अडखळत, थांबत. माझा कान तोवर गाड्यांचाच झालेला. मला आधी वाटलं, पुढचं बेअरिंग गेलंय. मी वाकून ऐकलं. तो बाबांच्या घशातून येत होता.

त्यांनाही कळलं की मला ऐकू येतंय. त्यांनी माझ्याकडे न बघता उजव्या हाताने हँडल फिरवून स्वतःच्या बाजूची काच पूर्ण खाली केली. थंड वारा आणि इंजिनाचा सगळा गदारोळ एकदम आत आला. बाबांचं तोंड उघडलं. ते काय म्हणत होते की नुसतेच ओरडत होते, ते मला समजलं नाही.

मी माझ्या बाजूची काचही खाली केली.